आखाड्याच्या कडेची माती

घर्षण शिकवायला एक फळी, एक ठोकळा आणि एक कोनमापक पुरतो. फळी हळूहळू तिरकी करत जायची, ठोकळा घसरला की थांबायचं आणि कोन मोजायचा. मग फळीवर तेल लावून तेच करायचं, वाळू पसरून तेच करायचं. पोरांना कळतं. रहिमतपूरच्या शाळेत मी इतकी वर्षं हेच करत आले आणि माझ्या एकाही पोराचं घर्षणावाचून काही अडलं नाही. पण जे नीट चाललंय त्यालाच आधी हात घालायचा, अशी आपल्याकडे पद्धत आहे.

जानेवारीत आमच्या शिक्षणसंस्थेनं साताऱ्याला प्रशिक्षण ठेवलं. पुण्याहून एक तज्ज्ञ बाई आल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की विज्ञान रुक्षपणे शिकवल्यामुळे मुलं त्याच्यापासून लांब पळतात, तेव्हा ते जुन्या अभिजात कथा-कादंबऱ्यांतल्या प्रसंगांतून शिकवा. सुरुवात घर्षणापासून करा. प्रत्येकानं उद्या एक प्रसंग शोधून आणा.

दुसऱ्या दिवशी म्हसवडच्या सरांनी जो प्रसंग आणला त्यात नायिका नदीच्या घाटावर शेवाळावरून घसरते आणि नायक तिला सावरतो. बाईंनी विचारलं, "यात घर्षण नेमकं कुठे आहे?" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सावरल्यानंतर." त्यावर हसण्यात सकाळ गेली. एका सरांनी किल्ल्याच्या दरवाजाला हत्ती धडक मारतो तो प्रसंग आणला. मी म्हटलं, ही धडक आहे, घर्षण नाही. तर बाई मला म्हणाल्या, "मॅडम, जरा सकारात्मक राहा." मी सकारात्मक राहून खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याकडे बघत बसले.

मी हे सगळं हसून सोडून दिलं असतं. पण समारोपाला संस्थेचे सचिव मानसिंगराव आले आणि त्यांनी जाहीर केलं, की एक विज्ञानाचा आणि एक मराठीचा शिक्षक अशा जोडीनं नमुना पाठ घ्यायचा. ज्या जोडीचा पाठ पसंत पडेल तिला जूनपासून एकाच शाळेत आणणार, म्हणजे पुढचं काम सलग होईल. मग त्यांनी थेट माझ्याकडे बघितलं. "क्षमा मॅडम, तुमचं मिस्टर विट्याला मराठी शिकवत्यात न्हवं? मग बगा की. अशी आयती जोडी कुटं घावायची?"

आता माझी अडचण सांगते. माझं लग्न झालं तेव्हापासून मी रहिमतपूरला आणि सुमंत विट्याला. संस्था एक, जिल्हे दोन. दर वर्षी आम्ही बदलीचा अर्ज करतो आणि दर वर्षी 'जागा रिक्त नाही' असं उत्तर येतं. सुमंत शनिवारी दोन एस.टी. बदलून घरी येतात आणि सोमवारी पहाटे जातात. आमची ओवी आता सहावीत आहे. शनिवारी बाबा आले की ती आतून तांब्याभांडं आणून देते आणि विचारते, "प्रवास कसा झाला?" पाहुण्याला विचारतात तसं. तिचं काही चुकत नाही, तिला तसंच वळण पडलंय. पण मला ते ऐकवत नाही. त्यामुळे मानसिंगरावांनी हत्तीवर बसून घर्षण शिकवायला सांगितलं असतं तरी मी हत्ती शोधायला निघाले असते.

पण जोडी म्हणजे सुमंतबरोबर पाठ, आणि सुमंतबरोबर पाठ म्हणजे ती कादंबरी. तिचं नाव मी घेत नाही, कारण नाव घेतलं की ते सुरू होतात. शंभरेक वर्षांपूर्वीची ऐतिहासिक कादंबरी. बाजारात मिळत नाही. सुमंतकडे आजोबांची प्रत आहे, तिला खाकी कव्हर घातलेलं, आणि ते ती पोथीसारखी वापरतात. त्या लेखकाचा एक शब्द इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नाही. कुठल्याशा दिवाळी अंकानं त्यातला उतारा छापताना तीन शब्द गाळले, तर त्यांनी संपादकांना चार पानी पत्र लिहिलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी सहज म्हणाले होते, की तुमच्या लेखकाला एका नामामागं तीन विशेषणं लावल्याशिवाय जेवण जात नसावं. त्या दिवशी सुमंत जेवले नाहीत.

त्या कादंबरीत एक कुस्ती आहे. समोरच्या पैलवानानं लबाडी करून अंगाला तेल चोपडलंय, नायकाची पकड काही केल्या बसत नाही. शेवटी नायक वाकतो, मूठभर माती उचलतो, त्याच्या पाठीवर फासतो, आणि मग पकड बसते ती त्याला चीतपट करूनच सुटते. सुमंतनी हे सांगितलं तेव्हा मी चरफडत का होईना कबूल केलं, की हा प्रसंग चांगला आहे. तेलानं घर्षण कमी, मातीनं जास्त. फळी म्हणजे पैलवानाची पाठ. ठोकळ्याला जुन्या फुटबॉलचं कातडं चिकटवलं की झाला नायकाचा पंजा. मी घरी अंगणातली माती घेऊन करून बघितलं, कोन दुपटीच्या जवळ गेला.

"उतारा मोठा आहे," मी म्हटलं. "मधला आकाशाचा परिच्छेद काढून टाकू."

"एक अक्षर हलणार नाही," सुमंत म्हणाले.

"अहो, पस्तीस मिनिटांचा तास आहे. त्या आकाशाचा घर्षणाशी काय संबंध?"

"त्याच्या जीवावर बेतलंय आणि वर आकाश स्वच्छ आहे. तुला नाही कळायचं."

 माझ्या प्रयोगाची चार मिनिटं आकाशाला गेली. बदल्यात मीही त्यांना बजावलं, की प्रयोग खरा होईल, आलेला कोन फळ्यावर लिहिला जाईल, जुळवाजुळव नाही. प्रयोगशाळेत आकडे जुळवणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. उत्तर आधी ठाऊक असतं, मग पोरं त्याच्या मापानं आकडे शिवतात. माझ्या वर्गात असं कोणी केलं, की त्याला मी सगळं पहिल्यापासून करायला लावते. मग तो रडो, नाहीतर त्याची एस.टी. चुको.

पाठ विट्याच्या शाळेत ठरला, शनिवारी सकाळी. माती मात्र तालमीतलीच हवी असा सुमंतचा आग्रह, कारण कादंबरीत आखाडा आहे. शाळेच्या मागं तालीम आहे. गावातली जी माणसं सोनं गाळायच्या धंद्याला परमुलखात गेली त्यांच्या वर्गणीतून तिच्यावर नवं छप्पर आलंय. तिथले वस्ताद भाऊसो सुमंतना फार मानतात. सुमंतनी त्यांना घमेलंभर माती मागितली. इतकंच. मागताना काही समजावून सांगावं हे सुमंतना सुचलं नाही, आणि भाऊसोंना विचारावं वाटलं नाही.

पाठाच्या वेळी वर्ग भरलेला. पुढं मानसिंगराव, शेजारी तज्ज्ञ बाई, मागं मुख्याध्यापक आणि दोन्ही जिल्ह्यांतले शिक्षक. सुमंतनी उतारा वाचला. वाचतात मात्र सुंदर, हे मला कबूल करावंच लागतं. मानसिंगराव डोळे मिटून ऐकत होते. आकाशाच्या परिच्छेदाला तर त्यांनी मान डोलावली. वाचन संपल्यावर ते म्हणाले, "आमचं वडील पलटणीत हुतं. ट्रंकंत हेच पुस्तक असायचं. सुट्टीवर आलं की आमाला वाचून दावायचं. पुस्तक कवाच हारापलं, लय वर्सांनी कानावर पडलं बगा."

मला हायसं वाटलं. म्हटलं, निम्मा गड सर झाला.

तेवढ्यात दारातून भाऊसो आले. डोक्याला कोरा फेटा, हातात घमेलं, घमेल्यावर नवा पंचा, पंच्यावर नारळ. मागं तालमीतली दोन पोरं. त्यांनी घमेलं टेबलावर ठेवलं, मातीला हात लावून कपाळाला लावला. मानसिंगरावांनी उठून हात जोडले, म्हणून सगळा वर्ग उठला. मी पंचा बाजूला केला आणि मला वास आला.

"भाऊसो, ही माती..."

"बनवली की," भाऊसो म्हणाले. "सरांनी सांगितलं, मॅडमचा पाठ हाय, सायेब येणार हायत. मग तशीच आखाड्यातली उचलून कशी द्यायची? तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर, समदं घालून काल दोगा पोरांनी तुडवली. हात घालून बगा, लोण्यावानी झालीया."

लोण्यावानी झाली होती, यात शंका नाही. मी बोटांत धरली तर बोटं एकमेकांवरून सरकत होती. त्यांनी मानानं केलं होतं. आमच्याकडे पाहुणा आला की चहात चार चमचे साखर जास्त पडते, तसं. पाहुण्याला मधुमेह असला तर तो त्याचा प्रश्न. मी सुमंतकडे बघितलं. ते खिडकीकडे बघायला लागले.

मी म्हणाले, "साहेब, प्रयोगाला जरा कोरडी माती लागेल. मी कुणाला तरी ग्राउंडवर पाठवते."

मानसिंगराव म्हणाले, "आवं मॅडम, वस्तादानं इतकी मेहनत केलीया. आन कुस्ती काय ग्राउंडवर झाली व्हती व्हय? ह्याच मातीत करा."

आता काय करणार? पहिल्या बाकावरच्या उत्कर्षा नावाच्या मुलीला मी कोनमापकापाशी उभं केलं. आधी नुसतं तेल. फळी वर गेली, ठोकळा घसरला. उत्कर्षा म्हणाली, "अठरा." फळ्यावर लिहिलं. मग तालमीची माती पसरली. मनात म्हटलं, थोडी तरी साथ देईल. फळी उचलायला लागले. दहा गेले, बारा गेले, आणि ठोकळा सुळकन खाली आला.

"चौदा," उत्कर्षा म्हणाली.

"परत बघ."

परत केलं. परत चौदा. मानसिंगराव पुढं वाकले. "म्हंजी? माती लावून जास्तच घसरलं म्हणायचं?"

मी तिसऱ्यांदा ठोकळा ठेवला. मागून मुख्याध्यापक जवळ येऊन कानाशी कुजबुजले, "मॅडम, ठोकळा जरा दाबून धरा. कोणाच्या लक्षात येणार आहे?" आणि खरं सांगते, माझा अंगठा ठोकळ्यावर गेला होता. फळी वर चालली होती. अठरा गेले, वीस गेले, ठोकळा जागचा हलला नाही.  डोळ्यांसमोर ओवी तांब्याभांडं घेऊन उभी. अजून थोडी फळी उचलली असती, अंगठा हळूच सोडला असता, आणि जूनमध्ये सुमंत घरी आले असते.

उत्कर्षा कोनमापकाकडे बघत नव्हती. ती माझ्या अंगठ्याकडे बघत होती.

मी अंगठा काढला. ठोकळा खाली आला. "हे मोजमाप धरायचं नाही, मी ठोकळा दाबला होता," मी म्हणाले. "आधीचं खरं. चौदा." फळ्यावर चौदा लिहिलं.  "या मातीत तेल आणि ताक आहे. या मातीनं पकड बसणार नाही. ही माती हातात घेतली असती, तर आपला नायक हरला असता."

 भाऊसोंनी फेटा सारखा केला. मानसिंगरावांचा चेहरा उतरला होता. राग नव्हता तो. त्यांना लागलं होतं. "म्हंजी ल्हानपणापास्नं आमी जे ऐकलं ते खोटंच म्हणायचं," ते म्हणाले आणि घड्याळाकडे बघितलं. मला कळलं, गेलं. आणखी एक वर्ष 'जागा रिक्त नाही'. मला माझाच संताप आला. सगळी पोरं आकडे शिवतात, मीच एकटी काय मोठा हरिश्चंद्राचा अवतार लागून गेले होते?

तेव्हा सुमंत उठले. पुस्तक हातात उघडं होतं.

"साहेब, माफ करा, चूक माझी आहे," ते म्हणाले. "वेळ कमी म्हणून मी एक वाक्य गाळलं होतं."

 सुमंतनी, त्या पुस्तकातलं, वाक्य गाळलं?

त्यांनी पानावर नजर ठेवून, शांतपणे, नेहमीच्या त्या सुंदर आवाजात वाचलं: "आखाड्यातली तेलाताकाची मऊ माती त्याने सोडली, आणि कडेला उन्हाने तापलेली, कोरडी ठणठणीत, रागीट धूळ मुठीत घेतली."

 मग मानसिंगरावांनी मांडीवर थाप मारली. "व्हय व्हय. हाय की. आमचं वडील हितंच आवाज चढवायचं. इसरलोच हुतो बगा." तज्ज्ञ बाई घाईघाईनं काहीतरी लिहायला लागल्या. मी उत्कर्षाला तालमीच्या कडेला पिटाळलं. ती ओढणीत धूळ घेऊन पळत आली. फळी पुसली, तेल लावलं, धूळ पसरली. वीस गेले, पंचवीस गेले. फळी मला आता दोन्ही हातांनी धरावी लागली, म्हणजे अंगठ्याचा प्रश्नच नव्हता. एकतीसला ठोकळा सुटला. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात भाऊसोंनी वाजवल्या, कारण एका फटक्यात त्यांची मातीही खरी ठरली होती आणि कुस्तीही.

मानसिंगरावांनी तिथल्या तिथं सांगितलं, की जूनपासून सर रहिमतपूरला. वर आणखी, की ते वाक्य लेखकाच्या नावासकट संस्थेच्या प्रत्येक शाळेत भिंतीवर रंगवून घ्या. "मानूस कसा बारीक बगून लिवायचा बगा," ते म्हणाले.

दुपारच्या एस.टी.नं आम्ही दोघं घरी निघालो. मायणीच्या पुढं बस रिकामी झाली. मी सुमंतच्या पिशवीतून पुस्तक काढलं, कुस्तीचं पान उघडलं. एकदा वाचलं. परत वाचलं. मागचं पान, पुढचं पान. आकाश होतं, विशेषणं होती, मूठभर माती होती.

"अहो, ते वाक्य कुठे आहे?"

सुमंत खिडकीबाहेर बघत होते. "नाही," ते म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"पुस्तकात नाही. पान उघडं होतं, तोंडाला आलं ते वाचलं."

 मग जे सुचलं ते बसचा कंडक्टर वळून बघेल इतक्या आवाजात बोलले. म्हटलं, मी सगळ्यांदेखत अंगठा काढून घेतला आणि तुम्ही अख्खं वाक्य घुसवलंत. तीन शब्दांसाठी चार पानी पत्र लिहिणारे तुम्ही. ते आता भिंतीवर चढणार, प्रत्येक शाळेत, त्या बिचाऱ्या लेखकाच्या नावानं. उद्या कोणी पुस्तक घेऊन आलं तर?

"दुसरी प्रत कुठे मिळत नाही," सुमंत म्हणाले.

"मी आहे ना."

"हो, तू आहेस." त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेऊन मिटलं. "तू अंगठा काढलास ते बरोबरच केलंस. तुझ्याकडून दुसरं काही होणारच नव्हतं. पण मग आपल्या दोघांतल्या कोणाला तरी खोटं बोलायला लागणार होतं. आणि मोजमाप तर खरंच आलं, क्षमा. एकतीस."

मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. या माणसानं माझ्यासाठी कधी साडी आणली नाही, वाढदिवस लक्षात ठेवला नाही. त्या लेखकापुढे मी कायम दुसऱ्या नंबरवर, असं मी धरूनच चालले होते. आणि आज त्यांनी त्यालाच खोटं पाडलं, तेही तोंडावरची रेघ न हलू देता. मी मानसिंगरावांना खरं सांगायला हवं होतं. घर येईपर्यंत तेच मनात घोळवत होते. मी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

जूनमध्ये सुमंत रहिमतपूरला रुजू झाले. तोवर पेंटरनं आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर ते वाक्य निळ्या अक्षरांत रंगवून ठेवलं होतं, खाली लेखकाचं नाव. पहिले काही दिवस सुमंत त्या भिंतीपुढून मान खाली घालून जायचे. मग हळूच वर बघायला लागले. मग एक दिवस शाळा सुटल्यावर मी त्यांना भिंतीसमोर उभं राहून, ओठ हलवत, ते वाचताना पकडलं.

घरी आल्यावर चपला काढता काढता ते म्हणाले, "क्षमा, खरं सांग. वाक्य म्हणून कसं आहे?"

"धूळ रागीट कशी असेल?" मी म्हणाले. "एक विशेषण जास्त आहे."

त्यांना ते लागलं. तसेच जाऊन खुर्चीत बसले, आणि जरा वेळानं आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "ओवी, जरा पाणी आण गं."

आतून ओवीचा आवाज आला. "बाबा, माठ तिथंच आहे. घ्या ना तुमचं तुम्ही, मी अभ्यास करतेय."